सूर्यकिरणांवर शिजणारे अन्न

नागझिरा अभयारण्यालगतच्या चोरखमारासारख्या गावी सरपणासाठी जंगलात जाणे म्हणजे वन्यप्राण्यांशी गाठ पडण्याचा धोका पत्करणे होय. अशा ठिकाणी निदान सामुदायिक स्वयंपाकाचा भार सूर्यावर सोपविता येईल. विखुरलेले ऊन एकवटले, तर त्यावर वाफ तयार होते. शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानाने २००९ साली प्रसादालयाच्या छतावर प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ अंतर्वक्र परावर्तक तबकड्या बसविल्या. सूर्याच्या गतीनुसार वळणाऱ्या या तबकड्या किरण एका केंद्रावर आणतात. तेथील पाण्याच्या वाफेवर हजारो भाविकांसाठी अन्न शिजविण्याची ही योजना होती. पावसाळी ढगांत मात्र किरण एकवटत नाहीत. म्हणून जोडीला दुसरे इंधन हवेच. तथापि उन्हाच्या प्रत्येक दिवशी तेवढे सरपण वाचेल.