लाळेचा जमाखर्च



आपणां कर्करोगतज्ज्ञ व दंतवैद्य मंडळींच्या स्वागताचा मान समितीने मजसारख्या वैद्यकात अनधिकारी असलेल्या गृहस्थाकडे सोपविला आणि मी तो निःसंकोच पत्करला. कारण मुखकंठाच्या कर्करोगातून आपण ज्यांना वाचविता, त्यांच्या पंक्तीला बसण्याचा योग आपल्यापेक्षा आम्हांसच अधिक येतो, आणि दफ्तरी 'रोगमुक्त' म्हणून नोंदलेला माणूस आमटीत कुस्करलेल्या भाकरीच्या घासागणिक तांब्या का उचलतो, हे तेथेच उमगते.

दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ मुकाट्याने स्रवणाऱ्या ग्रंथी नेमक्या या कर्करोगावरील किरणोपचाराच्या वाटेवर वसलेल्या. अर्बुदास सहा-सात आठवड्यांत 60 ते 70 ग्रे इतकी किरणांची मात्रा द्यावी लागते. कानापुढील ग्रंथीला मात्र सरासरी 25-26 ग्रेपलीकडचा मारा बहुधा सोसत नाही. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीच किरणांना प्रथम बळी पडतात हा सामान्य नियम असता, या ग्रंथींतील क्वचितच विभागणाऱ्या पेशी पहिल्याच आठवड्यात हतबल व्हाव्यात, हे कोडे आपणांसही पुरते उलगडलेले नाही, असे ऐकतो. पुढे चव मंदावते, जीभ टाळूस चिकटते आणि दात हिरडीलगत किडू लागतात.

ही हानी सर्वस्वी अटळ नाही. किरणांची तीव्रता ग्रंथी चुकवून आखणाऱ्या 'आयएमआरटी' पद्धतीची परीक्षा ब्रिटनमध्ये 94 रुग्णांवर झाली; 2011 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, वर्षअखेर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत 74 टक्क्यांना, तर नव्या पद्धतीत 38 टक्क्यांना आढळला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानेही 60 रुग्णांवर तुलना करून, उपचारकाळातील हे प्रमाण 89 वरून 59 टक्क्यांवर आल्याचे दाखविले. तथापि उरलेले 38 व 59 हे आकडेही थोडे नाहीत! जेवतानाची लाळ मुख्यत्वे कानापुढील ग्रंथींची, विसाव्याच्या वेळची जबड्याखालच्या ग्रंथींची; तेव्हा पहिल्या राखूनही रात्रीची तहान उरतेच.

म्हणून यजमानाच्या हक्काने एवढीच विनंती करतो की, पहिल्या किरणांपूर्वी प्रत्येक रुग्णाची दंततपासणी व्हावी असा शिरस्ता जिल्ह्याच्या रुग्णालयांतही पडावा, आणि पुढील प्रत्येक भेटीत गाठीची चौकशी झाल्यावर 'जेवण कसे जाते?' हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर केसपेपरवर लिहून घ्यावे. ते उत्तर नोंदल्याविना कोणाही रुग्णाचा कागद निकाली काढू नये.