पूर्णेचा रफार



व्याख्यानमालेत ‘कोड’ हा विषय म्हटल्यावर खुर्च्या रिकाम्या राहतील अशी धास्ती संयोजकांना होती, आणि मलाही होती. म्हणून आधीच सांगतो, आज आपण प्रोग्रामिंग शिकणार नाही. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची नावे एका पानावर लिहायची, आणि ती नीट दिसत नसतील तर कुठे हात घालायचा ते पाहायचे, एवढाच आजचा बेत आहे.

शाळा, पतसंस्था, वाचनालय, अगदी गणेश मंडळसुद्धा हल्ली स्वतःचे संकेतस्थळ काढते. ते पायापासून कुणी बांधत नाही. तयार साचा घेतात, ज्याला आपण टेम्प्लेट म्हणतो. लग्नपत्रिका छापायला गेलो की दुकानदार नमुन्यांची वही पुढे टाकतो, तसाच हा प्रकार. गणपती कुठे, मुहूर्त कुठे, ‘आपले नम्र’ कुठे, हे आधीच ठरलेले असते. आपण फक्त नावे बदलायची. पण पत्रिकेचा नमुना मराठी वाचणाऱ्याने केलेला असतो. संकेतस्थळाचा साचा करणाऱ्याने बहुधा उभ्या आयुष्यात वेलांटी पाहिलेली नसते, त्याची सगळी मापे रोमन अक्षरांवर बेतलेली असतात. त्यात आपण मराठी ओततो आणि ‘कॉम्प्युटरवर मराठी काही बरी दिसत नाही’ म्हणून मोकळे होतो. माझ्या मते गडबड चार-पाच आकड्यांची असते, आणि ते आकडे आपल्या हातात असतात.

हातात असतात ते एका जुन्या निर्णयामुळे. टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएल काढले तेव्हा त्यात मजकुराची रचना होती: हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. दिसणे कसे असावे, हा प्रश्न लोंबकळत होता. १९९४ च्या ऑक्टोबरात हॉकोन व्हिउम ली यांनी सुचवले की दिसण्याचे नियम वेगळ्या कागदावर लिहावेत. तेच पुढे सीएसएस झाले आणि १९९६ च्या डिसेंबरात त्याची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून आली. म्हणजे मजकुराला धक्का न लावता नुसता पेहराव बदलता येतो. आपल्याला बदल करायचे ते बहुतेक या दुसऱ्या कागदावर.

हा कागद उघडायला कोड एडिटर लागतो. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कोड, दोन्ही फुकट मिळतात. ओळींना क्रमांक देतात, नियम एका रंगात आणि किमती दुसऱ्या रंगात दाखवतात, महिरपी कंस उघडा राहिला तर तो नजरेत आणून देतात. साठवताना यूटीएफ-८ निवडलेले आहे ना, तेवढे पाहा. यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, ‘परभणी’ला पंधरा. जुना नोटपॅड आपणहून दुसऱ्याच पद्धतीने साठवायचा आणि फाइल पुन्हा उघडली की परभणीच्या जागी पाच प्रश्नचिन्हे उभी असायची. २०१९ पासून तोही सुधारला. आणि हात घालण्याआधी मूळ साच्याची प्रत काढून ठेवा. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे आपल्या गावाला शोभते. साच्याच्या फायलीला शोभत नाही.

आता तालुके. परभणी, पाथरी, मानवत, पालम, सोनपेठ, गंगाखेड, सेलू, जिंतूर, पूर्णा. साचा तपासायला जगभर ‘लोरेम इप्सम’ नावाचा लॅटिनसारखा मजकूर भरतात. मराठी साच्याला ही नऊ नावे पुरतात. मानवत आणि पालम कुठल्याही साच्यात सुखाने बसतात, कारण त्यांना कान्यापलीकडे काही नाही. सेलूला वर मात्रा, खाली दीर्घ उकार. जिंतूरला वेलांटी, तिच्यापुढे अनुस्वार, मग तेच खालचे शेपूट. खरी परीक्षा पूर्णेची: पहिल्या अक्षराला खाली उकार, दुसऱ्याच्या डोक्यावर रफार. पानाच्या वरच्या पट्टीची उंची साचेवाल्याने इंग्रजी शब्दापुरती बांधलेली असते आणि ‘बाहेर येईल ते लपवा’ असा हुकूमही देऊन ठेवलेला असतो. मग रफार छाटला जातो आणि पूर्णा तालुक्याचा ‘पूणा’ होतो. दोन ओळींचा मथळा असेल तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन भिडतो.

यावर उपाय म्हणजे ‘लाइन-हाइट’ नावाचा, ओळीची उंची ठरवणारा नियम. इंग्रजी साच्यात मथळ्यांना तो १.२ च्या आसपास ठेवलेला सापडतो. मराठी परिच्छेदाला मी १.७ ठेवतो, मथळ्याला १.४ च्या खाली उतरत नाही. पट्टीची बांधलेली उंची काढून टाकायची; तिला मजकुराप्रमाणे वाढू द्यायचे. खिळ्यांच्या छपाईत जुळारी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत असे, ते हेच काम. १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींना ही अक्कल कुणी इंग्रजी पुस्तकातून दिली नव्हती.

दुसरा उपद्रवी नियम ‘लेटर-स्पेसिंग’. मथळा ऐटदार दिसावा म्हणून साचेवाले अक्षरांत थोडे अंतर सोडतात. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांचे काही बिघडत नाही. आपली शिरोरेघ मात्र तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिथे शून्य लिहा. तिरप्या अक्षरांचा नियमही काढा. देवनागरीला तिरपे वळण परंपरेने नाही, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकडे करतो. पहिले अक्षर भले मोठे करण्याची हौस तर मला मुळीच पटत नाही. शिरोरेघेने बांधलेला शब्द असा मधून कापायचा कशाला?

फाँटकडे थोडे थांबून पाहू. साच्याने निवडलेल्या फाँटात पुष्कळदा देवनागरी नसतेच. मग संगणक स्वतःकडचा फाँट लावतो. विंडोजवर पूर्वी मंगल, अलीकडे निर्मला. मंगल हे र. कृ. जोशी यांचे काम. जोशी कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतले शिक्षक. फाँट चांगलाच आहे, पण तो आपण निवडलेला नसतो आणि फोनवर तिसराच येतो. ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी हे खुल्या परवान्याचे आहेत. टिरो देवनागरीच्या तर हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत.

तीन कशाला? सेलू आणि पालम यांतला ल पाहा. शाळेत आपण पाकळीचा ल गिरवला. हिंदीतला ल दंडाचा. श चेही तसेच, आपला देठाचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श मान्य केले. काही फाँटांत दोन्ही वळणे भरलेली असतात आणि कुठले दाखवायचे ते पानाच्या कोडमधल्या अगदी सुरुवातीच्या भाषेच्या खुणेवरून ठरते. साच्यात तिथे इंग्रजीची खूण असते, कुणीतरी ती हिंदीची करतो. तिथे मराठीची, म्हणजे ‘एमआर’ ही दोन अक्षरे, लिहिली की त्या फाँटांत अख्ख्या पानावरचे ल आणि श वळण बदलतात. अंध वाचकासाठी पान मोठ्याने वाचणारी प्रणालीही हीच खूण पाहून आवाज निवडते. बदल एवढासा, पण मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो.

नऊ तालुक्यांत एक गोष्ट सापडत नाही: ऱ्य. म्हणून नमुन्यात ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द घाला. आपल्या कृषी विद्यापीठाच्या गावात त्याच्यावाचून पान हलायचे नाही. तिथे ऱ्य च्या जागी य वर रफार दिसला तर साच्याला दोष देऊ नका, तो टंकणाचा आहे. विद्यापीठाचे पूर्ण नावही घाला: वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. एवढे नाव फोनच्या रुंदीत कसे मोडते, यावर मथळ्याचा आकार ठरवा.

साच्याची सरकारी बाजूही पाहण्यासारखी आहे. जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या एकाच चौकटीवर उभी आहेत. परभणीचे आणि हिंगोलीचे शेजारी-शेजारी उघडून पाहा. हिंगोली १ मे १९९९ ला आपल्यातून वेगळी झाली, पण इथे दोघी एकाच घरात राहतात. याचा फायदा मोठा आहे: मध्यवर्ती चौकटीत एकदा दुरुस्ती झाली की प्रत्येक जिल्ह्याला वेगळा माणूस बसवावा लागत नाही. जिल्ह्याला स्वतःचा चेहरा राहत नाही, हेही खरे. सरकारी कामात मी पहिली बाजू घेईन. वाचनालयाने किंवा दिवाळी अंकाने मात्र भाड्याच्या चेहऱ्यावर समाधान का मानावे?

भीती वाटत असेल तर सुरुवात अशी करा. कुठलेही मराठी पान संगणकावर उघडा आणि एफ-१२ दाबा. बाजूला त्याचा कोड उघडेल. लाइन-हाइटचा आकडा शोधा, १.२ चा १.७ करा, ओळी श्वास घेताना दिसतील. हे फक्त तुमच्या पडद्यावर घडते, पान पुन्हा उघडले की सगळे पूर्ववत. कुणाचे काही बिघडत नाही आणि हात मात्र बसतो. मी संगणक आणलाच आहे. ज्यांच्या संस्थेचे संकेतस्थळ आहे त्यांनी पुढे यावे. आधी पूर्णेचा रफार तपासू, मग प्रश्न घेऊ.