भुलीची नळी आणि जंतु

शस्त्रक्रिया ठरली कीं घरांतील मंडळींच्या मनांत दोन शंका उभ्या राहतात: भूल कशी देणार, आणि नंतरचें दुखणें कितपत सोसावें लागणार? देहाचा तेवढाच भाग बधिर करणाऱ्या भुलीनें या दोन्ही शंकांना उत्तर दिलें आहे. १८९८ सालीं जर्मनींतील कील येथें ऑगस्ट बीअर यानें मज्जारज्जूभोवतींच्या द्रवांत कोकेन सोडून पायावरील शस्त्रक्रिया वेदनेवांचून केली. पण सुईनें एकदां दिलेल्या औषधाचा अंमल कांहीं तासांत उतरतो. हवानाच्या मॅन्युएल मार्टिनेझ कुर्बेलो यानें १९४७ सालीं ही अडचण दूर केली. मूत्रवाहिनीसाठीं बनविलेली बारीक नळी त्यानें जाड सुईंतून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळींत सरकविली, सुई काढून घेतली व नळी तेथेंच ठेवली. प्रसूतींत किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आज जी नळी पाठींत ठेवतात, ती याच युक्तीची सुधारलेली आवृत्ति होय. खांद्याच्या व मांडीच्या मज्जातंतूंजवळही अशीच नळी ठेवतां येते.

परंतु नळी जागेवर राहते हा जसा तिचा गुण, तसाच तो तिचा दोषही आहे. त्वचा ही देहाची तटबंदी. सुईनें पाडलेलें छिद्र लवकर मिटतें; नळी मात्र तें दार उघडें धरून बसते. त्वचेवर एरव्हीं निरुपद्रवीपणें नांदणारे जंतु नळीच्या बाहेरच्या अंगानें आंत उतरतात, तिच्यावर बुळबुळीत थर धरतात आणि त्या थराआड औषधांनाही सहसा दाद देत नाहींत. औषधाची बाटली बदलतांना नळीच्या सांध्यांतूनही त्यांना वाट मिळते. कांख व जांघ या ओलसर जागीं तर त्यांची वस्ती दाटच असते.

नळीवर जंतु सांपडले म्हणजे रोग जडलाच, असें मात्र नव्हे. ब्रिटनमध्यें पाठीच्या कण्याजवळ दिलेल्या सात लाखांहून अधिक भुलींची पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. सर्व कारणें धरूनही कायमची इजा लाखांत दोन ते चार जणांनाच झाली होती. तरी दिवस वाढले कीं धोका वाढतो. जर्मनींतील ४४,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी २०१८ सालीं तपासल्या, तेव्हां चौथ्या दिवशीं शंभरांतील ९९ नळ्या निर्दोष राहण्याचा संभव दिसला. पंधराव्या दिवशीं तो ७३ वर आला. यांतील बहुतेक संसर्ग सौम्य होते.

यावरील उपाय साधेच, पण कडक आहेत. हात धुणें, निर्जंतुक हातमोजे, आणि स्पिरिटमधील क्लोरहेक्सिडीन त्वचेवर लावून तें पूर्ण वाळूं देणें. कारण हाच द्रव आंत गेला तर मज्जातंतूंना अपाय करतो. मुखपट्टीही तितकीच आवश्यक. अमेरिकेंत २००८ व २००९ सालीं प्रसूतीच्या वेळीं पाठींतून भूल दिलेल्या पांच स्त्रियांना मेंदूच्या आवरणाचा दाह झाला व त्यांतील एक दगावली. ओहायो राज्यांतील ज्या दोघींपैकीं ती एक होती, त्या दोघींना भूल देतांना डॉक्टरनें मुखपट्टी बांधली नव्हती.

घरच्यांचेंही एक कर्तव्य आहे. नळीच्या तोंडाशीं लाली, सूज वा पू दिसला तर परिचारिकेस तत्काळ सांगावें. मज्जारज्जूजवळचें गळूं दुर्मिळ खरें, पण तें रुग्ण घरीं परतल्यावर कांहीं दिवसांनीं, कधीं कांहीं आठवड्यांनींही प्रकट होतें. वाढती पाठदुखी, ताप, पायांतील शक्ति कमी होणें किंवा लघवी अडणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये. रुग्णालयांत जावें व पाठींत नळी होती हें आवर्जून सांगावें. पाय पुरते लुळे पडण्यापूर्वीं पू काढला तर ते वांचण्याची आशा पुष्कळ असते. त्यानंतर ती फार थोडी उरते.

आणि नळी पाठींत आहे तोंवर रोज सकाळीं एक प्रश्न विचारला जावा: हिची आज खरोखरच गरज आहे काय? नसेल, तर ती त्याच दिवशीं काढावी.