बालकांची स्थूलता : यंत्र, पालक आणि घराचे वळण



गुटगुटीत मूल म्हणजे घराच्या सुबत्तेची खूण, ही समजूत अनेक पिढ्या चालत आली. अन्नटंचाईच्या काळात ती स्वाभाविकही होती. आज परिस्थिती पालटली आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, भारतात ५ ते १९ वर्षे वयाची स्थूल मुले-मुली १९९० साली सुमारे ४ लाख होती. २०२२ साली ती संख्या सुमारे सव्वा कोटीवर गेली. स्थूलतेमुळे कोवळ्या वयातच मधुमेह, उच्च रक्तदाब, यकृतात चरबी साचणे, झोपेत श्वास अडखळणे अशा व्याधींची शक्यता वाढते. सवंगड्यांच्या चेष्टेने होणारी मनाची जखम तर कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

या चिंतेवर उपाय म्हणून आज अनेक पालक मोबाईलकडे वळतात. पावले, उष्मांक, वजन, झोप या सर्वांची नोंद ठेवणारी साधने सहज उपलब्ध आहेत. ज्या यंत्रामुळे मूल तासन्‌तास एका जागी बसून राहते, तेच यंत्र उपचारात साह्यकारी ठरेल काय? ठरू शकेल, मात्र ते कोणाच्या हाती आहे आणि त्यात कशाची नोंद होते, यावर सारे अवलंबून आहे.

या विषयातील एक मौलिक प्रयोग मोबाईल येण्यापूर्वीचा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एप्स्टाईन आणि त्यांचे सहकारी यांनी पदार्थांची विभागणी वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे केली : हिरवे पदार्थ मोकळेपणाने, पिवळे बेताने, लाल क्वचित. काही कुटुंबांत मूल आणि पालक या दोघांनीही सवयी बदलाव्यात, असा आग्रह ठेवला गेला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दहा वर्षांनंतर या गटातील मुलांच्या अतिरिक्त वजनाचे प्रमाण आरंभापेक्षा ७.५ टक्के घटले होते. तुलनेसाठी घेतलेल्या गटात ते १४.३ टक्के वाढले होते. घरातील मोठी माणसे बदलली म्हणजे मूल बदलते, हा त्याचा मथितार्थ.

हीच दिव्यांची पद्धत पुढे मोबाईलवर आली. ‘डब्ल्यू डब्ल्यू’ या अमेरिकन कंपनीने २०१९ साली ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ‘कर्बो’ नावाचे ॲप बाजारात आणले. अशाने मुलांच्या मनात अन्नाविषयी भय आणि स्वतःच्या देहाविषयी लाज निर्माण होईल, असा आक्षेप आहारतज्ज्ञांनी व पालकांनी घेतला. २०२२ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने, १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याचा आरोप या कंपनीवर ठेवला. समझोत्यानुसार कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरण्याचे आणि ती माहिती नष्ट करण्याचे मान्य केले. घराच्या पंगतीत सर्वांसाठी असलेला नियम एकट्या मुलाच्या हाती सोपविला, की त्याचे स्वरूप किती बदलते, हे येथे दिसून येते.

याउलट स्वीडनमधील ‘मिनिस्टॉप’ या उपक्रमात ॲप दिले गेले ते पालकांच्या मोबाईलवर. अडीच ते तीन वर्षांच्या बालकांच्या सुमारे साडेपाचशे कुटुंबांनी त्यात भाग घेतला आणि बालआरोग्य केंद्रांतील परिचारिकांमार्फत ते राबविले गेले. सहा महिन्यांनंतर ते वापरणाऱ्या कुटुंबांतील बालकांचे गोड व खारे खाऊ, साखरेची पेये आणि पडद्यासमोरचा वेळ हे सर्व तुलनेने कमी आढळले. पालकांचा आत्मविश्वासही वाढला. उंचीच्या प्रमाणातील वजनात मात्र फरक दिसला नाही. सवय आधी बदलते; काट्यावरचा आकडा लगेच बदलेलच असे नाही. केवळ आकड्याकडे पाहणारा पालक म्हणूनच लवकर निराश होतो.

तेव्हा घराघरात काय करता येईल? पहिली गोष्ट, वाढीच्या आलेखाची. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित तक्ते प्रसिद्ध केले; त्या कार्यात पुण्याचे डॉ. वामन खादिलकर यांचा प्रमुख वाटा आहे. प्रौढांचे निकष मुलांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. उंची व वजन दर तीन-चार महिन्यांनी मोजून मोबाईलवर नोंदवावे आणि तो आलेख डॉक्टरांना दाखवावा. वाढत्या वयात पुष्कळदा वजन उतरविण्याची गरज नसते. ते स्थिर राहिले आणि उंची वाढत गेली, तरी प्रमाण सुधारते. याचा निर्णय अर्थात डॉक्टरांनी करावयाचा आहे.

दुसरी गोष्ट, दैनंदिन नोंद संपूर्ण कुटुंबाची असावी. आज घरात साखरेचे पेय किती वेळा आले, जेवताना दूरदर्शन व मोबाईल बंद होते काय, मूल किती वेळ खेळले, किती वाजता निजले, एवढे प्रश्न पुरेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. प्रेमापोटी हातावर पेढा ठेवणारे आजी-आजोबाही या नोंदीत सहभागी असावेत. आहार शाकाहारी आहे म्हणून तो हलका असतोच असे नाही. शेव, फरसाण, बिस्किटे आणि मिठाई शाकाहारीच असतात. तसेच उपवास ही साधना आहे. मुलाचे वजन घटविण्याचा तो इलाज नव्हे.

तिसरी गोष्ट, मुलाच्या प्रतिष्ठेची. त्याचे वजन व छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर फिरवू नये, भावंडांशी त्याची तुलना करू नये. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक असल्याची तरतूद भारतातील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे. ॲप उघडताना ‘मान्य’ हे बटण दाबण्यापूर्वी काय मागितले जात आहे, हे वाचणे पालकांचे कर्तव्य ठरते.

शेवटी, यंत्र माणसाची जागा घेत नाही. सहा वर्षांवरील स्थूल मुलांसाठी वर्षभरात किमान २६ तासांचे प्रत्यक्ष मार्गदर्शन असावे, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०२४ साली केली आहे. एवढा वेळ देणारे डॉक्टर वा आहारतज्ज्ञ प्रत्येक गावी मिळतीलच असे नाही. अशा ठिकाणी मोबाईल दुवा होऊ शकतो. आठवण करून देऊ शकतो, आलेख काढू शकतो, दूरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवू शकतो. मुलाबरोबर संध्याकाळी मैदानावर जाणे मात्र आई-वडिलांनाच करावे लागते. ते ज्या घरात होईल, तेथे आकडाही सावकाश सुधारेल, आणि तो सुधारेपर्यंत मुलाला कोणापुढे मान खाली घालावी लागणार नाही.