जागलीतलं बोलणं



साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. पण माझं भाषण सगळे सगळं ऐकतील, असा माझा गैरसमज नाही. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातल्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी २२५० माणसांना वेळी-अवेळी फोनवरून विचारलं, 'आत्ता काय करताय आणि मनात काय चाललंय?' जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. तेव्हा या मांडवातली निम्मी मनं आत्ता संत्र्याच्या बागेत, कापसाच्या भावात किंवा परतीच्या एसटीत असतील. त्यांना माझी हरकत नाही. आज मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

भटकणारं मन सुखी नसतं, असंही त्या संशोधकांना आढळलं. आपल्या संतांना हे आधीच ठाऊक होतं. समर्थ रामदासांनी मनाला समोर बसवून २०५ श्लोक ऐकवले. मात्र तिथे बोलतो तो उपदेशक आणि मन ऐकून घेतं. मन स्वतः काय म्हणतं, हे कोणी लिहायचं?

मराठीत ते धाडस बा. सी. मर्ढेकरांनी केलं. विल्यम जेम्सने १८९० साली विचारांच्या अखंड प्रवाहाची कल्पना मांडली होती, आपण तिला संज्ञाप्रवाह म्हणतो. मर्ढेकरांनी तिला कादंबरीचं रूप दिलं ते 'रात्रीचा दिवस'मध्ये. साल होतं १९४२.

वर्धा जिल्ह्यातल्या या आष्टीत उभं राहून हे साल उच्चारलं की अंगावर काटा येतो. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चुलीवर तवा न ठेवण्याचा सण. त्या दिवशी 'चले जाव' चळवळीत या गावची माणसं पोलीस ठाण्यावर चालून गेली. गोळ्या सुटल्या. गावकऱ्यांतली माणसं गेली, पोलिसांतलीही गेली. त्या दिवसाच्या घोषणा आपल्याला पाठ आहेत, हुतात्म्यांना आपण दरवर्षी वंदन करतो. पण घोषणा देणाऱ्या ओठांच्या आत काय चाललं होतं? उंबरा ओलांडताना एखाद्याला गोठ्यातली व्यालेली गाय आठवली असेल. ठाण्यातल्या शिपायाला स्वतःच्या घरचा सण आठवला असेल. इतिहासाला हे विचारता येत नाही, त्याला कागद लागतो. साहित्याला विचारता येतं, आणि दोघांनाही विचारता येतं.

एकाच वर्षी मराठी कादंबरी मनाच्या आत शिरली आणि आष्टी रस्त्यावर उतरली. या दोन वाटा अजून नीट भेटलेल्या नाहीत. आमचं साहित्य शहरी माणसाला मन देतं आणि खेड्यातल्या माणसाला घटना देतं: दुष्काळ, कर्ज, आत्महत्या. उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीतली कौतिक १९६० साली वऱ्हाडी बोलत आली, हे केवढं मोठं पाऊल होतं! तरी पुढे आम्ही बहुतेकांनी पात्रांच्या संवादापुरती वऱ्हाडी ठेवली आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते प्रमाण मराठीत सांगितलं. आमच्या माणसाच्या मनाला वऱ्हाडी येत नाही काय?

गावाकडचं मन बोलत नाही, असं नाही. जळगाव जिल्ह्याकडे पाहा. मर्ढेकर फैजपूरला जन्मले. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या मनाशी जे बोलल्या, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आलं. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर १९६३ साली 'कोसला'त 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणत बोलू लागला. म्हणजे आतलं बोलणं ही काही विलायती चैन नव्हे. जात्यावर बसलेली बाई कोणाशी बोलत होती? माहेराशी, विठ्ठलाशी, खरं तर स्वतःशीच. दळण संपलं की तो प्रवाह थांबे. जातं गेलं आणि तिची ती हक्काची जागाही गेली.

पण एक जागा अजून आहे: जागल. रानडुकरं आणि रोही येतात म्हणून आमचा शेतकरी रात्र रात्र शेतात बसतो. कधी पाण्याच्या मोटारीसाठी लाइनची, म्हणजे विजेची, वाट पाहत बसतो. रात्रीचा दिवस तोही करतो! त्याच्या मनात काय चालतं? मी ऐकलं ते असं: लाइन येईन का आज... कुत्रं काहून भुकते... हे झाड बापानं लावलं तवा मी पोट्टा होतो... पोरीले वह्या घ्याच्या राह्यल्या... कुत्रं भुकतेच हाये...

यात कथानक नाही, पण बाप, पोर, वह्या, झाड आणि भीती एका श्वासात आहेत. वर्तमानपत्राच्या बातमीत हा माणूस 'शेतकरी' असतो. जागलीत तो स्वतः असतो. आता त्याच्या हातातही मोबाइल आहे, आणि मन भटकायला निघालं की तो आधी आडवा येतो. म्हणून नवलेखकांना माझी विनंती आहे. हे बोलणं आत्ताच टिपा. टिपताना शुद्ध करू नका, क्रम लावू नका, बोध काढू नका.

जाता जाता एक कबुली देतो. हे भाषण मी तीन रात्री लिहिलं. लिहिताना मनात सगळं वऱ्हाडीतच येत होतं. कागदावर उतरताना मी ते धुऊन, इस्त्री करून घेतलं. सवय जात नाही. तुम्ही ती लावून घेऊ नका.

लय झालं. आता तुमचं मन जिथं गेलं असन, तिथून वापस बलवा.