दहावीचा फोटो उजळताना
(स्नेहमेळाव्यात शाळेच्या फोटोग्राफी वर्गासमोर केलेले भाषण)



फोटोचा उजेड आणि स्पष्टपणा कसा सुधारावा, यावर मला बोलायला सांगितले आहे. उदाहरण आपल्या शाळेतलेच घेतो. आमच्या दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो.

माणगावचा पावसाळा तुम्हांला माहीत आहे. भिंतींना ओल, कपाटातल्या वह्यांना बुरशी. असे तीस पावसाळे काढलेला हा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. पहिला धडा इथेच. चिकटलेला फोटो ओढून काढू नका; चेहऱ्यांचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. मूळ स्कॅन बाजूला जपून ठेवा आणि काम नेहमी प्रतीवर करा, कारण जेपीजी फाइल बदलून पुन्हा सेव्ह केली की दरवेळी थोडी झिजते.

फोटो भर दुपारचा, आंब्याखालचा. शर्ट पांढरेफेक, चेहरे काळोखात. मी ब्राइटनेसची पट्टी उजवीकडे सरकवली. चेहरे उजळले, पण शर्टांचे खिसे, बटणे, घड्या नाहीशा झाल्या. असे का झाले? साध्या डिजिटल फोटोत प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत मांडतात. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. सगळीकडे सरसकट ५० मिळवले, तर २१० चे २५५ होतात आणि २४० चेही २५५च. दोघांतला फरक संपला, म्हणजे शर्टाची घडी गेली. म्हणून हिस्टोग्रामवर लक्ष ठेवा. आलेख उजव्या टोकाला आदळू लागला की थांबा आणि फक्त सावलीचा भाग उजळा. जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये हेच करत. एन्लार्जरच्या उजेडात पुठ्ठ्याचा तुकडा हलवून चेहऱ्यापुरता प्रकाश अडवायचा, की प्रिंटवर तेवढा भाग उजळ येई.

आता शार्पनेस. त्याने फोटोत नवा तपशील येत नाही. जिथे कड आहे, तिथली उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद होते, म्हणून कड ठसठशीत वाटते. प्रमाण वाढले की डोक्याभोवती पांढरी रेघ उमटते आणि बुरशीचे ठिपकेही चेहऱ्याइतकेच टोकदार होतात. त्यामुळे शार्पनेस सर्वांत शेवटी, फोटो १०० टक्के आकारात पाहून, हात राखून वापरावा.

हे सगळे मला येत होते, तरी मी चुकलो. मागच्या रांगेतला आमचा एक मित्र शटर उघडताना हलला होता. तो आज आपल्यात नाही आणि त्याच्या आईकडे त्या वयाचा दुसरा फोटो नाही. मी मोबाइलमधल्या एका एआय ॲपला तो चेहरा स्पष्ट करायला दिला. क्षणात डोळे, पापण्या, दात, सगळे लख्ख. मोठ्या हौसेने प्रिंट घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "पोरगा छान आहे रे, पण हा आमचा नव्हे."

मी ओशाळलो. ॲप त्याला कुठून ओळखणार? इतरांचे असंख्य चेहरे पाहून शिकलेला एक चेहरा त्याने त्या धूसर जागी बसवला होता. घरी येऊन मूळ स्कॅन उघडला. सावली थोडी उजळली, शार्पनेस नावापुरता दिला. चेहरा धूसरच राहिला, पण मान तिरकी करून उभे राहण्याची त्याची लकब दिसू लागली. ती प्रिंट काकूंनी ठेवून घेतली.

मुलांनो, पट्टी सरकवताना स्वतःला एवढेच विचारा: फोटोत होते ते दिसू लागले, की नव्हते ते आले?

आणि मित्रहो, घरचे जुने फोटो शोधा. मागच्या बाजूला हलक्या पेन्सिलीने नावे लिहा. चेहरे ओळखणारे आज आपणच आहोत. आमचा फोटो स्मरणिकेसाठी दिला आहे. त्यात मागच्या रांगेतला एक चेहरा अस्पष्ट दिसेल. तो छपाईचा दोष समजू नये.