लाकडी लाँचा आणि पेट्रोलच्या टाक्या



युद्धनौका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पोलादाचा डोंगर उभा राहतो. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती नौका लाकडाची होती. लांबी 112 फूट, वजन अवघे 85 टन. तिला नाव नसे, नुसता क्रमांक असे. ब्रिटिश आरमार तिला मोटर लाँच म्हणे आणि तिच्या जातीला ‘फेअरमाइल बी’. दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे 650 लाँचा पाण्यावर आल्या. त्या इतक्या लवकर का निर्माण झाल्या, याचे कारण आणि त्यांवरील माणसे जळून का मेली, याचे कारण ही दोन्ही जवळजवळ एकच आहेत, असे आम्हांस वाटते.

नोएल मॅक्लिन हे गृहस्थ मुळात मोटारगाड्या बनविणारे. सरे परगण्यात कॉबम गावी फेअरमाइल नावाच्या भागात त्यांचे घर. 1939 साली युद्धाची चाहूल लागली, तेव्हा त्यांनी ओळखले की, किनाऱ्यावर पाणबुड्यांची टेहळणी करायला शेकडो लहान नौका लागतील आणि आरमाराच्या गोद्यांना तर मोठ्या जहाजांतून डोके वर काढायला सवड मिळणार नाही. मग बांधायच्या कोणी? मॅक्लिनचे उत्तर मोटारवाल्याचे होते. नौकेचे सुटे भाग करायचे! बरगड्या प्लायवुडच्या, त्या कापायच्या फर्निचरच्या कारखान्यांत; इतर भाग जेथे जमेल तेथे; आणि सगळे गाठोडे बांधून लहानसहान होड्या-यॉट बांधणाऱ्या सुतारांकडे पाठवून द्यायचे. सुताराने बरगड्या उभ्या करायच्या, त्यांवर महॉगनीच्या फळ्या तिरप्या दोन थरांत बसवायच्या आणि दोन थरांमध्ये तेल पाजलेले कापड घालायचे. पहिला नमुना ‘ए’, त्याच्या 12 झाल्या. पुढचा ‘बी’, त्याचा आराखडा मात्र आरमाराचा. कॅनडाने 80 बांधल्या, न्यूझीलंडने 12. जन्मभर खुर्च्या-मेजे करणाऱ्या माणसाच्या हातून युद्धनौकेच्या बरगड्या निघाल्या, हा चमत्कार आम्हांस एखाद्या मोठ्या लढाईहून कमी वाटत नाही.

पण इंजिनाचे काय? ते काही सुताराला करता येत नाही. हलके आणि जोरदार डिझेल इंजिन इंग्लंडपाशी पुरेसे नव्हते. जर्मनांच्या वेगवान नौका डिझेलवर चालत. तसे इंजिन त्यांनी आधीच सिद्ध करून ठेवले होते. इंग्रजांची याहूनही लहान, 72 फुटी बंदररक्षक लाँच डिझेलवर चाले खरी, पण तिचा वेग ताशी 12 सागरी मैलांच्या आतबाहेर. फेअरमाइलला 20 हवे होते. तेव्हा अमेरिकेतून हॉल-स्कॉट कंपनीची पेट्रोल इंजिने आणविली, प्रत्येक लाँचेला दोन. म्हणजे लाकडाची पेटी, तिच्या पोटात दोन हजार गॅलनांहून अधिक पेट्रोल आणि त्याच्या सोबतीला सोळा-सतरा माणसे.

टेहळणीपुरते हे चालून गेले. पण युद्धात एखादे हत्यार हाताशी असले की, ते ज्यासाठी केले नाही त्या कामालाही वापरण्याचा मोह होतोच. 1942 च्या मार्चमध्ये फ्रान्समधील सेंट नाझेरच्या गोदीवर छापा घालण्याचे ठरले. ‘टिरपिट्झ’सारखी प्रचंड जर्मन युद्धनौका दुरुस्तीला घेऊ शकेल अशी अटलांटिक किनाऱ्यावरची ती एकच कोरडी गोदी. ‘कँबेलटाउन’ ही जुनी विनाशिका स्फोटके भरून गोदीच्या दारावर नेऊन आदळायची; कमांडो सैनिकांपैकी बरेचसे तिच्यामागून लाँचांतून उतरायचे. त्यासाठी 16 फेअरमाइल निघाल्या. अंतर लांबचे, म्हणून डेकवर पेट्रोलच्या जादा टाक्या बसविल्या!

28 मार्चच्या पहाटे 1 वाजून 34 मिनिटांनी विनाशिका दारावर आदळली. दुपारच्या सुमारास तिच्यातील स्फोटके उडाली आणि गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी झाली. छापा यशस्वी झाला, यात शंका नाही. लाँचांचे काय झाले? लुआर नदीच्या मुखात दोन्ही तीरांवरून सर्चलाइट आणि तोफा त्यांच्यावर रोखलेल्या. टाक्या फुटल्या, पेट्रोल पाण्यावर पसरले आणि पाणीच पेटले. उडी घेतलेल्या माणसाला नदीतही आसरा उरला नाही. सहाशेहून अधिक माणसे गेली होती, त्यांतील 169 मेली. नदीत शिरलेल्या लाँचांपैकी स्वतःच्या बळावर इंग्लंड गाठणाऱ्या अवघ्या तीन.

306 क्रमांकाच्या लाँचेची हकीकत सांगितलीच पाहिजे. परतीच्या वाटेवर उजाडता उजाडता तिला ‘यागुआर’ ही जर्मन नौका भेटली, तिच्या दहापट वजनाची. लाँचेवर टॉमस डरंट नावाचा सैन्यातील सार्जंट लुइस मशीनगनपाशी उभा होता. जखमांमागून जखमा होत असता, शरण येण्याची हाक ऐकूनही तो गोळ्या झाडीत राहिला आणि पुढे त्या जखमांनीच गेला. त्याच्या शौर्याची वार्ता इंग्रज छावणीत प्रथम कोणी पोहोचविली? त्या जर्मन नौकेच्या कप्तानाने, कैदेत असलेल्या इंग्रज कर्नलाला भेटून! 1945 साली डरंटला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. भूदलाचा माणूस, आरमारी झुंज, आणि साक्ष शत्रूची.

या लाँचा आपल्या बाजूलाही होत्या, हे पुष्कळांस ठाऊक नसते. रॉयल इंडियन नेव्हीच्या 55 व 56 क्रमांकांच्या मोटर लाँच तुकड्या ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर लढल्या. तेथील खाड्यांना ‘चाउंग’ म्हणतात. आमच्या कोकणच्या माणसाला त्या पाहून परके वाटले नसते. तशीच खारफुटी, तसाच चिखल, भरती-ओहोटीचा तसाच जाच. मोठ्या जहाजाचे तेथे काम नाही. या लाँचेला मात्र पाचेक फूट पाणी पुरे. फांद्यांनी अंग झाकून, इंजिने बंद करून ती रात्रभर कडेला दबा धरून बसे आणि रसद घेऊन येणाऱ्या जपानी होड्यांची वाट पाही. 1945 च्या जानेवारीत अक्याब, म्येबोन, रामरी आणि कांगॉ येथे फौजा उतरल्या, तेव्हा याच वाटा राखण्याचे काम लाँचांकडे होते. ज्या कामासाठी त्या जन्मल्या होत्या त्याच्या जवळचे काम त्यांना मिळाले ते येथे.

युद्ध संपल्यावर बहुतेक लाँचा विकल्या गेल्या. कोणाची यॉट झाली, कोणाचे पाण्यावरचे घर. त्यांपैकी 497 क्रमांकाची लाँच इंग्लंडमधील टॉर्बे येथे सहलीची माणसे या काठावरून त्या काठावर पोहोचवीत राहिली. ती आता ब्रिटनच्या नौदल संग्रहालयाने जतनासाठी घेतली आहे.